अझेलीचा वॉल्ट्झ

फार फार वर्षांमागची गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिणेला लुईझियानाची दलदल आहे, तिथल्या काठावरच्या एका गावातली. गावात ओझेम नावाचा फिडलवाला होता. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच हो. तो वाजवायला लागला की लंगडासुद्धा कुबडी टाकून नाचायला उठे, असं म्हणतात. निम्मं खरं धरा.

ओझेमची बायको कधीच वारली होती. एकच लेक, अझेली. ती होडकं घेऊन खेकड्यांची जाळी काढायला जाई. धुकं पडलं की बाप धक्क्यावर बसून वाजवी आणि पोर त्या सुराचा माग धरून घरी येई. तिथे हाक मारून भागत नाही. धुक्यात हाक चहूकडून ऐकू येते. सूर चालू राहिला तरच वाट सापडते.

पण ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्या गावात नाच नाही, वाद्य नाही. फिडलच्या तारा सैल करायच्या नि ती भिंतीला टांगायची. नेमकं त्याच दिवसांत, भर सकाळी, धुकं उतरलं. अझेली पाण्यात होती.

"बाबा, वाजवा ना!" धुक्यातून आवाज आला.

ओझेमनं फिडलला हात घातला. तोच शेजारची म्हातारी क्लेमांस दारात आडवी उभी राहिली.

"व्रत मोडलंस तर गावाला पाप लागेल, ओझेम! हाका मार की पोरीला!"

आणि त्यानं ऐकलं हो! कसं ऐकवलं त्याला, देव जाणे! काठावर उभा राहून घसा फाटेस्तोवर ओरडत राहिला. पोरीचा आवाज जवळ आला, लांब गेला, आणखी लांब गेला. मग आलाच नाही.

तेव्हा कुठे त्यानं फिडलच्या तारा ताणल्या. वाजवला तो वॉल्ट्झच, तीन ठेक्यांचा, जोडीनं नाचायचा. पण ऐकणाऱ्याचा पाय उचलेना. असं म्हणतात, फिडलच्या गजाचे केस तुटले, बोटं रक्ताळली, आणि होडकं वल्ह्याशिवाय, प्रवाहाच्या उलट, त्याच्या पायाशी येऊन लागलं. रिकामं.

ओझेम तिथून उठला नाही. वाजवता वाजवताच गेला.

आजही त्या गावात उपवासकाळात सगळ्या फिडल भिंतीवर जातात. एक जात नाही. धुकं पडलं की कुणीतरी ती घेऊन धक्क्यावर बसतं आणि अझेलीचा वॉल्ट्झ वाजवतं. पाण्यात कुणी असो नसो, धुकं उठेपर्यंत थांबायचं नाही. कुणी नाचत नाही. फक्त सुरुवातीआधी गावातली सगळ्यात म्हातारी बाई येते, वाजवणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, "वाजव बाबा. पाप लागलं तर माझ्या माथी."