टिटवीची फक्त दोन मिनिटं

"हिंमत असेल तर त्या टिटवीचं सगळं ऐकून दाखव. मध्येच 'नको' म्हणालास तर हरलास!" माकडाने सशाशी अशी पैज लावली. आणि सशाने, अक्कल गहाण ठेवून, "हात्तिच्या! त्यात काय एवढं!" म्हणून ती घेतली.

त्या रानात टिटवी दारोदार फिरून आजारपणाची हमी विकायची. दर पौर्णिमेला तिला घासाची एक पेंढी द्यायची, मग आजारी पडलात की रोज भाराभर घास ती बिळात पोचता करणार. टिटवी इतकं बोलली, इतकं बोलली, की सशाच्या तोंडातलं गवत तोंडातच वाळलं. शेवटी तिने विचारलं, "मग काय ठरलं?" तर हा पठ्ठ्या म्हणाला, "बघू." झालं! पैज जिंकला आणि कायमचा अडकला.

दुसऱ्या दिवसापासून नुसता छळ. ससा खायला बसला की, "ससेभाऊ, फक्त दोन मिनिटं!" डोळा लागला की, "ससेभाऊ, झोपलात का?"

"अहो ताई, मी ठणठणीत आहे!"

"आज आहात हो! उद्या पाय मोडला तर?"

"मग घास द्याल?"

"देणार की! फक्त पाय पळताना मोडलेला नको."

आता सशाचा पाय काय बसल्या बसल्या मोडतो? वैतागून त्याने तीनदा बीळ बदललं. उकरलेली माती सुकायच्या आत टिटवी दारात हजर! हिला नवं बीळ सापडतं कसं, हेच त्याला कळेना.

आणि पोरांनो, टिटवीचा आवाज म्हणजे नुसता भोंगा. एका दुपारी तिने बिळावर घिरट्या घालत "ससेभाऊ, आहात का घरात?" अशी बोंब ठोकली, ती कोल्ह्याने ऐकली. तो थेट बिळाशी येऊन माती उकरायला लागला. त्याचा गरम श्वास सशाच्या मिशांना लागला. 'आजारी पडायच्या आधीच मरतो आता!' असं वाटून ससा होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडला, "टिटवीताई, मला नकोच! पण हे कोल्हेदादा 'बघू' म्हणतायत!"

टिटवी सूं करत कोल्ह्याच्या टाळक्यावर. "कोल्हेदादा, फक्त दोन मिनिटं! दाढ दुखते का? म्हातारपणाचं काय ठरवलंय?" कोल्ह्याने थोडा वेळ दात दाखवले, मग कान पाडले आणि शेपूट घालून जो पळाला! टिटवी त्याच्या मागे.

ससा धापा टाकत बाहेर आला. वर फांदीवर माकड बसलं होतं, मान खाली घालून.

"माझ्या मागे लागली होती रे ती," ते पुटपुटलं. "दुसऱ्या कुणाला गाठून दिलं की आठ दिवस सोडायची. म्हणून तर पैज लावली."

"आणि नवी बिळं?"

माकडाने शेपटी कुरतडली. "ती पण मीच दाखवली. तिन्ही."

तात्पर्य : नको असेल तर पहिल्याच दिवशी तोंड उघडून 'नको' म्हणा, 'बघू' म्हणत बसू नका, आणि आपली पीडा टळावी म्हणून तिला दोस्ताचं दार तर मुळीच दाखवू नका.