गेनचं बटण

सगळी चूक आबांची होती. आबा म्हणजे जीपच्या डिकीतला जुना अॅम्प्लिफायर, आणि गोष्ट तेव्हाची, जेव्हा यंत्रं माणसांसारखीच भांडायची. आबांचं गेनचं बटण कायम शेवटपर्यंत पिळलेलं. गेन वाढवला की मान वाढतो, अशी त्यांची ठाम समजूत. तिच्यापायी दारातले बारीक सुरांचे दोन ट्वीटर जळून गेले होते. आता त्या जागी चिमी नावाची नवी ट्वीटर बसली होती, आणि वरात निघायची होती.

"आबा, बटण मागे घ्या," चिमी म्हणाली. "टेप किती जोरात देतोय ते ऐकून त्याच्या मापाला यायचं बटण आहे ते. कोकलायचं नाही."

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून वराती गाजवतोय मी. गप गा!"

"मेले ते दोघंही गपच गात होते."

पहिल्याच गाण्यात सनईचा सूर फाटला. चिमीला चटका बसला, तशी तिने क्लिपमधून आपली तार सरळ सोडून दिली. मागे नुसती आबांची घरघर उरली. करवल्यांनी कानांत बोटं घातली. जीपवाला हणमंता धावत आला, त्याने बटण पार चौथ्या हिश्श्यावर आणलं आणि चिमीची तार जोडली.

आणि चिमी गायली! सनई अशी लख्ख वाजली की नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला, आणि विहीणबाई त्याच्याही पुढे.

कोकलून कोकलून आबांची उजव्या स्पीकरची बाजू तोवर जळाली होती. ती पुन्हा कधी वाजली नाही.