ओढ्यापलीकडची पहिली ओळ

स्वतःचे घड पिकून तयार असताना माणूस आधी शेजाऱ्याच्या मळ्यात का जातो, सांगाल? ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेतल्या या वेदरबी खोऱ्यात तोडणीच्या पहिल्या दिवशी पार्गेटर घराण्यातली माणसे कात्र्या घेऊन ओढा ओलांडतात, शेजारच्या मळ्यातली एक अख्खी ओळ तोडून देतात आणि मगच आपल्या टेकडीला हात लावतात. त्या ओळीत कुणी मोठ्याने बोलत नाही.

पूर्वी इथे नुसत्या मेंढ्या चरत. क्लेमंट पार्गेटरने टेकडीवर द्राक्षवेली लावल्या तेव्हा लोक म्हणाले, म्हणे, "मेंढ्यांना वाईन पाजणार का रे?" हसली नाही ती एकटी असुंता. इटलीहून आलेली ही विधवा ओढ्यापलीकडे राहायची. तिच्याही थोड्या वेली होत्या.

पाचव्या वर्षी पहिले चांगले पीक आले. असुंताने बजावले, "जाळी घाल, पाखरं येतील." या उघड्या माळावर कुठली पाखरे, असे क्लेमंटला वाटले. ऐन तोडणीत स्टार्लिंग पाखरांचे थवे उतरले आणि निम्मी टेकडी खाऊन गेले. उरलेल्या द्राक्षांनी पिंप भरेना, आणि अर्धवट भरलेल्या पिंपात हवा राहून वाईन बिघडते. तेव्हा असुंताने न मागता आपली द्राक्षे बादल्या भरभरून आणून दिली, असे सांगतात.

दोन वर्षांनी ती वाईन शहरातल्या स्पर्धेत गेली. लेबलावर क्लेमंटने लिहिले होते, 'फक्त पार्गेटर टेकडीची द्राक्षे'. लिहिताना हात थबकला होता. पण एवढ्याशा गोष्टीने काय बिघडते, अशी त्याने मनाची समजूत घातली.

पदक मिळाले. परीक्षक म्हणाले, "या वाईनमध्ये ती टेकडी बोलते." भरल्या सभागृहात क्लेमंट उभा राहिला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मागून असुंता ओरडली, "बोल की पार्गेटर, जीभ पिंपात पडली का?" सगळे हसले. क्लेमंट एवढेच म्हणाला, "ही माझ्या टेकडीची पुण्याई." सर्वांत जोरात टाळ्या असुंतानेच वाजवल्या. त्या टाळ्या क्लेमंटच्या कानशिलात बसल्या.

घरी बायको विनिफ्रेड पदक भिंतीवर लावू लागली. "नको लावूस," तो म्हणाला.

"असुंता काही बोलली का?"

"बोलली असती तर बरं झालं असतं."

संध्याकाळीच तो ओढा ओलांडून गेला. असुंता बादल्या धूत होती. मान वर न करता तो म्हणाला, "त्यात निम्मी द्राक्षं तुझी होती."

"माझी द्राक्षं मला जिभेवर कळतात," ती म्हणाली. "तू कधी बोलतोस, तेच बघत होते."

"मग सभेत का नाही सांगितलंस?"

"खोटं तुझं. ते मी कशाला निस्तरू? ज्यांना सांगितलंस, त्यांच्याकडे जा."

तिथेच, त्या ओल्या बादल्यांपाशी, त्याने शब्द दिला म्हणे, की आजपासून तिची ओळ तोडल्याशिवाय पार्गेटर आपला घड तोडणार नाहीत. आजही तो शब्द पाळला जातो, आणि लेबलावर शेजाऱ्याचे नाव आधी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लेमंट पार्गेटर शहरात गेला, परीक्षकांना खरे सांगितले आणि पदक परत देऊन आला.