हमीदाबींची बंदिश

“पण मग सही करायला हरकत काय आहे, बुवा?”

श्रीरंगनं पुन्हा विचारलं. आवाज नम्र होता, पण डोळे घड्याळाकडे.

दिगंबरबुवा मिरजेत, तंतुवाद्यांच्या एका दुकानाच्या माडीवर राहत. श्रीरंग पेंडुरकर त्यांचा शिष्य. गळा बरा होता, डोकं त्याहून तेज. म्हणून तो वकील झाला, आणि आता मुंबईच्या एका मोठ्या संगीत कंपनीला गाण्यांच्या हक्कांबाबत सल्ला देत होता.

समोर एक प्रतिज्ञापत्र होतं. कंपनीच्या नव्या सिनेमात भीमपलासातली एक बंदिश घेतली होती. रचनाकाराच्या जागी छापलं होतं, ‘पारंपरिक’. बुवांनी एवढंच लिहून द्यायचं, की ही बंदिश आमच्याकडे पूर्वापार चालत आली आहे, ती कुणी बांधली ते ठाऊक नाही.

बांधणारी खाली दुकानात, तारा नीट गुंजाव्यात म्हणून तानपुऱ्याची जवारी लावत बसली होती. हमीदाबी. तिनं कंपनीला कळवलं होतं, बंदिश माझी आहे, माझं नाव घाला. दुसरं काही मागितलं नव्हतं. पण बुवांची सही झाली की तिचं म्हणणं संपलं. बुवांपुढे तिचं कोण ऐकणार?

चोर परवडला. तो निदान शेजाऱ्याकडे दाखला मागायला येत नाही.

“ही बंदिश तू कुणाकडून शिकलास?” बुवांनी विचारलं.

“तुमच्याकडून.”

“खोटं.”

श्रीरंगनं प्रतिज्ञापत्राची कडा सरळ केली.

“मी तापानं अंथरुणात होतो. ती जिना चढून वर आली. ह्या सतरंजीवर बसून तिनं तुला शिकवली. तू अंतऱ्यात चुकायचास, ती न कंटाळता पुन्हा सांगायची… आणि कंपनीला ही बंदिश कुणी ऐकवली?”

श्रीरंगनं खाली बघितलं.

“मी.”

“गाताना कानाला हात लावलास?”

दुसऱ्याची चीज गाताना आधी त्याचं नाव घ्यायचं आणि कानाच्या पाळीला हात लावायचा, ही गवयांची रीत. ती शिकायला वकिलीची सनद लागत नाही.

“स्टुडिओत… कानांवर हेडफोन होते, बुवा.”

बुवा हसले. ते हसणं ऐकून श्रीरंग जरा मागे सरकला.

“नवरा गेला, त्याचा चाळिसावा झाला, त्या दिवशी बांधली तिनं ती. तोवर रडली नव्हती बाई. तुझी परंपरा कुठे होती रे तेव्हा?”

“तुमच्या भावना कळतात मला. पण कायद्याला पुरावा लागतो. तिच्याकडे लिहिलेलं काही नाही. ना रेकॉर्डिंग, ना नोंदणी.”

“मी आहे की.”

“म्हणूनच तर तुमची सही हवी आहे.”

असं बोलताना त्याची जीभ अडखळली नाही. माणूस हुशार असला की कशाकशाची सवय होते.

बुवांनी प्रतिज्ञापत्राकडे बघितलं. श्रीरंगला वाटलं, वितळले. त्यानं ठेवणीतलं वाक्य काढलं.

“तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? सूर कुणाच्या मालकीचे नसतात. नाव काय, अहंकार काय, सगळं सोडायचं…”

“ते देणाऱ्यानं म्हणायचं असतं!” बुवांचा आवाज चढला. “नेणाऱ्यानं नाही!”

“बुवा…”

“मी अहंकार सोड म्हणालो तो तुझा! तिचा सोडायला तुला कुणी सांगितलं?”

खालून तार छेडल्याचा आवाज येत होता. एकच तार, पुन्हा पुन्हा.

“पेन दे.” बुवा म्हणाले.

श्रीरंगनं खिशातलं पेन काढून झटकन पुढे केलं. कागदाचं शेवटचं पान उलटून दिलं. सहीची जागा बोटानं दाखवली. त्या जागेखालीच त्याची स्वतःची ओळ होती. ‘प्रतिज्ञा करणाऱ्यास मी ओळखतो. अ‍ॅड. श्रीरंग रघुनाथ पेंडुरकर.’

बुवांनी चष्मा लावला. ओळ वाचली. आपल्या सहीची जागा त्यांनी कोरीच ठेवली आणि खालच्या ओळीतल्या ‘रघुनाथ’वर आडवी रेघ मारली. मग त्या नावाच्या डोक्यावर सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं.

पारंपरिक.

श्रीरंगला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो ताडकन उभा राहिला.

“हे काय केलंत? माझ्या वडिलांचं नाव आहे ते!”

बुवांनी पेनाला टोपण लावलं.

“जिवंत आहेत माझे वडील! त्यांचं नाव खोडायचा हक्क कुणाच्या बापाला नाही! तुम्ही गुरू असलात म्हणून काय झालं? मी कोर्टात उभा राहीन… कितीही वर्षं लागू देत… पण ते नाव होतं तिथं परत लिहून घेईन!”

खाली तार थांबली होती.

बुवा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कागद उचलून त्याच्या हातात दिला, आणि जिन्याकडे बोट केलं.

“जा. हमीदाला असाच वकील हवाय.”