मुहूर्ताचं तूप

"एकाच वेळी किती माणसं पेलेल? आकडा सांग!" राजे गजेंद्ररावांनी सिंहासनाच्या हातावर मूठ आपटली.

समोर रावजी हात जोडून उभा होता. भोपळगडच्या राजांनी ऑनलाइन दरबार थाटला होता. आता गाऱ्हाणं घेऊन कुणी गड चढायचा नाही. घरबसल्या मोबाइलवर बोट ठेवायचं की गाऱ्हाणं थेट राजांकडे! दसऱ्याला सूर्योदयाच्या मुहूर्तावर दरबार उघडणार होता. त्याचा सर्व्हर तळघरात घोंघावत होता आणि त्याची राखण रावजीकडे होती.

"महाराज, आधी दोन-चार गावं बसवून चाचणी घेतली तर..."

"खबरदार! मुहूर्ताआधी यंत्राला प्रजेचं बोट लागता कामा नये. उष्टं यंत्र लोकांना देऊ? हवं तर आम्ही एकटे हात लावू. त्यावरून काय तो आकडा काढ! कमी सांगितलास तर यंत्राचा अपमान. जास्त सांगितलास आणि दसऱ्याला यंत्र आडवं झालं, तर आमचा अपमान. दोन्हीला शिक्षा एकच, गड सोडायचा!"

"एक लाख लिहून टाका," दिवाणजी म्हणाले. "गडाच्या दारावरच्या पाटीत शोभून दिसेल."

रावजी तोंड पाडून मुदपाकखान्यात आला. तिथे त्याची थोरली बहीण ठकू राजवाड्याच्या पंगतीची तयारी करत होती. वाढण्यात तिचा हात धरणारं गडावर कुणी नव्हतं, आणि बोलण्यात तर मुळीच नाही! पण भावाचं ऐकून तिने हातातली पळी खाली ठेवली. हा गड सोडून गेला तर आपण भांडायचं कुणाशी?

"चल!" तिने पदराला हात पुसले. "आकडा मी सांगते."

"अक्का, तुला त्या यंत्रातलं काय कळतं?"

"वाढणं कळतं. ते तरी दुसरं काय करतं?"

ठकूच्या विनंतीवरून राजे तळघरात यंत्रापुढे ऐटीत बसले. ठकूने त्यांना खोटंच गाऱ्हाणं लिहायला सांगितलं. राजांनी 'आमची म्हैस हरवली' असं लिहून बटण दाबलं. चुटकी वाजते न वाजते तोच उत्तर हजर!

"वा!" राजे खूश झाले.

"आता उत्तर वाचा महाराज, आणि पुढचं बटण दाबा. रावजी, तोवर तू चुटक्या वाजवत मोज."

राजांनी चष्मा शोधला. तो कपाळावरच होता. मग सावकाश वाचलं, मिशी कुरवाळली, 'म्हशीचा रंग कोणता' याचा अर्थ दिवाणजींना विचारला आणि अखेर दुसरं बटण दाबलं. तोवर रावजीची बोटं सुजली होती!

"तीनशे!" तो कण्हत म्हणाला.

"हाच आकडा," ठकू म्हणाली. "एका चुटकीत यंत्र एकाला वाढतं. तो चष्मा शोधतोय तोवर ते रिकामं. तेवढ्यात बाकीच्यांना वाढून पुन्हा पहिल्याकडे यायचं. तीनशे माणसं सुखाने पेलेल."

"फक्त तीनशे?" राजे लालबुंद झाले. "हा अपमान आहे!"

"आणि दसऱ्याला तर तीससुद्धा पेलायची नाहीत!" ठकू म्हणाली.

"दोघंही गड सोडा!" राजे गरजले.

"दोघंही सोडतो की. पण पानं मांडली आहेत. आज तूप तेवढं आपण वाढा, म्हणजे मी खोटी की खरी ते कळेल. का भीती वाटते?"

भीती? राजांनी शेला कमरेला खोचला आणि तुपाचं भांडं उचललं!

पंगतीत तीसच पानं होती. वरणभात वाढून झाला होता. पण तूप पडल्याशिवाय घास कोण उचलणार? तीस जोडी डोळे राजांच्या चमच्यावर खिळले. राजे दुसऱ्या पानापाशी पोहोचतात तोच शेवटून हाक आली, "महाराज, इकडे!" ते तिकडे धावले, तर मधल्यांनी ओरडा केला. सुभेदारांनी पानावर आडवा हात धरून "नको, नको" सुरू केलं. आता आग्रह तर करायलाच हवा! तेवढ्यात भात निवला, पंगत खवळली आणि भांडं राजांच्या हातून सुटून सुभेदारांच्या मांडीवर पडलं.

मग ठकूनेच पंगत सावरली. सगळे जेवू लागल्यावर तिने राजांच्या हाती पोळ्यांचं ताट दिलं. कुणी भराभर जेवत होता, कुणी रवंथ करत होता. एकाला आता पोळी हवी, तर दुसऱ्याला बऱ्याच वेळाने. राजे रमतगमत वाढत फिरले. पुराणिकबुवांच्या गुडघेदुखीची चौकशी करायलासुद्धा त्यांना सवड मिळाली!

"माणसं तीच, वाढपीही तोच," ते चक्रावून म्हणाले. "मग मघाशी आमची फजिती का झाली?"

"मघाशी सगळ्यांची भूक एकाच क्षणी उघडली, महाराज! दसऱ्याला आपण तेच करणार आहात. सूर्य उगवला की अख्खं राज्य एकदम बोट ठेवणार. यंत्राला प्रजा जड नाही, आपला मुहूर्त जड आहे!"

दिवाणजींनी डोळे मिटून घेतले.

"मग काय, मुहूर्त मोडू?" राजांनी दरडावून विचारलं.

"मोडता कशाला? मुहूर्तावर एकच बोट टेकवायचं, आपलं! नंतर एकेका गावाला वेळ वाटून द्या. तीनशेच्या यंत्रावर संध्याकाळपर्यंत सगळं राज्य जेवून उठेल!"

राजांनी तिच्याकडे पाहिलं, मग तुपाने माखलेल्या सुभेदारांकडे पाहिलं, आणि असे खदखदून हसले की हातातलं ताट थरथरलं.

"रावजी गडावरच राहील! आणि पोरी, तुला सोन्याच्या पाटल्या. आणखी काय हवं, माग!"

"रावजीला एक जादा सर्व्हर द्या, महाराज. आणि मला एक जादा वाढपी."

"दिले!" राजांनी पोळ्यांचं ताट दिवाणजींच्या हातात ठेवलं. "दिवाणजी, उठा. शेवटच्या पानापासून सुरुवात करा!"