कुटुंबप्रमुखांचं उत्तर

कुसूरवाडीत लोकसंख्येची पाहणी झाली आणि तिच्यातल्या चुका दुरुस्त करायला रणपिसे साहेब जातीनं आले. विधवा चांगुणाच्या नोंदीवर त्यांचं घोडं अडलं.

"घरात पुरुष असताना बाई कुटुंबप्रमुख? साफ चूक!" म्हणत त्यांनी तिचं नाव खोडलं आणि तिच्या मुलाचं लिहिलं. मुलाला अजून दोन वर्षं पुरी व्हायची होती.

नवं घरकुल प्रमुखाच्याच नावावर मिळणार होतं. पण चांगुणा भांडली नाही. तिनं पोराला उचललं आणि थेट साहेबांच्या मांडीवर बसवलं.

"हे काय, बाई?"

"पुढचं आता प्रमुखांनाच विचारा. त्यांच्यादेखत मी कशी बोलू?"

चांगुणाच्या ओट्यावर माणसं जमली होती. माघार कशी घ्यायची? साहेबांनी घसा खाकरून पोराला विचारलं, "घरात शौचालय आहे का?"

पोरानं त्यांच्याकडे टुकूटुकू पाहिलं, आणि साहेबांची पॅन्ट ओलीचिंब झाली.

चांगुणा म्हणाली, "प्रमुखांनी उत्तर दिलं, साहेब. आता हे खोडून दाखवा!"

ओटा हसून हसून लोळायचा बाकी राहिला. साहेबांनी मुकाट्यानं चांगुणाचं नाव पुन्हा लिहिलं आणि तोच प्रश्न तिला विचारला.

"आहे की," ती म्हणाली, "आणि शेजारीच न्हाणी आहे. आधी पॅन्ट धुऊन या."