एक ताट ॲडजेक्टिव्हचं, एक ॲडव्हर्बचं

“एका ताटात ॲडजेक्टिव्ह आणा, दुसऱ्या ताटात ॲडव्हर्ब! उद्या दुपारच्या पंगतीत दोन्ही ताटं माझ्यासमोर हवीत. नाहीतर संस्थानाची हद्द सोडा!” कुसवड्याचे श्रीमंत रणधीरराजे गरजले.

समोर रावजी मास्तर उभे होते. राजांना इंग्रजी शिकवण्याची नोकरी त्यांनी हौसेने धरली होती. आता ते पस्तावत होते.

घडलं होतं एवढंच. इंग्रज सरकारचे एजंटसाहेब घोड्यावरून आले आणि राजे त्यांना ऐटीत म्हणाले, “युवर हॉर्स इज क्विकली!” साहेब मिशीतल्या मिशीत हसले. ते हसू राजांना फार लागलं.

“क्विक घोड्याला म्हणायचं सरकार, आणि क्विकली त्याच्या पळण्याला,” मास्तर समजावू लागले.

“पळतो म्हणूनच क्विक ना? खुंट्याला बांधलेला घोडा कसला क्विक! मग दोन्ही एकच. वेगळी असतील तर दाखवा. डोळ्यांना दिसेल तेच मी मानतो!”

हट्टी माणसाशी वाद घालता येतो, पण तो राजा नसावा लागतो. मास्तर मुकाट्याने घरी आले. घरात ओली बाळंतीण, तान्हं लेकरू, आणि दोघांना घेऊन जायचं कुठे? ते ओसरीवर डोकं धरून बसले.

लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या सासूबाई, साळूबाई, डिंक कुटत होत्या. “जावईबापू, कोन मेलं?” त्यांनी विचारलं.

मास्तरांनी सगळं सांगितलं. “वस्तू कशी आहे ते सांगतं ते ॲडजेक्टिव्ह. काम कसं केलं ते सांगतं ते ॲडव्हर्ब. आता ही ताटात कशी वाढू?”

“म्हंजी पोळी मऊ हाय, ही एक गोष्ट. आन् ती कशी खाल्ली, ही दुसरी?”

“हो.”

“मग रडताय कशापायी? सकाळी मला वाड्याच्या मुदपाकखान्यात घेऊन चला.”

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. दिवाण, फडणवीस, सरदार, सगळ्यांच्या ताटांत साळूबाईंनी केलेल्या पुरणपोळ्या वाढल्या. राजांचं ताट त्यांनी स्वतः आणून ठेवलं.

“ताट एकच?” राजांनी भुवई चढवली.

“एकच पुरंल, सरकार. पोळी कशी हाय तेवढं सांगावं.”

राजांनी बोट लावलं. “गरम. मऊ.” एक तुकडा तोंडात टाकला. “गोड!”

“हॉट, सॉफ्ट, स्वीट,” मास्तर मागून पुटपुटले.

“ही झाली ॲडजेक्टिव्हं. पोळीबरुबर ताटात आली. दुसरी जात मातुर आयती वाढता येत न्हाई. सरकार जेवाय लागले की दिसंल.”

राजांनी पोळीवर हात मारला. आता कुसवड्याच्या पंगतीचा रिवाज असा, की राजांनी घास घेतल्याशिवाय कुणी घ्यायचा नाही आणि राजांचा हात थांबला की सगळ्यांनी उठायचं. आणि राजे जेवत ते मागे वाघ लागल्यासारखे! बघता बघता पोळ्या गडप झाल्या. राजांनी पाण्याच्या तांब्याकडे हात नेला, तशी सगळी पंगत उठू लागली. दिवाणसाहेबांनी तोंडाशी नेलेला पहिला घास निमूटपणे खाली ठेवला.

“बसा, दिवाणसाहेब!” साळूबाई म्हणाल्या.

पंगत अवघडून अर्धी उभी, अर्धी बसलेली राहिली. मास्तरांनी डोळे मिटले.

“सरकार, त्यांच्या ताटात बघावं. पुरन त्येच, तूप त्येच, तवा त्योच. तुमचं ताट रिकामं, त्यांचं भरल्यालं. पोळीत काई फरक हाय का?”

“नाही.”

“मग कशात हाय?”

राजांनी दोन्ही ताटं न्याहाळली. “खाण्यात. मी भराभर खाल्लं.”

“क्विकली, सरकार!” मास्तर ओरडलेच.

“त्येच तुमचं ॲडव्हर्ब! ताटात सापडायचं न्हाई. सरकारांच्या तोंडात असतंय, आन् दिवाणसाहेबांच्या पोटावर दिसतंय!”

सगळ्यांच्या नजरा दिवाणसाहेबांच्या पोटाकडे वळल्या. ते पाठीला टेकलं होतं.

“दिवाणजी, हे रोजचंच?” राजांनी विचारलं.

“सरकार, पंगतीतून गेल्यावर घरी दुसरं पान मांडलेलं असतं,” दिवाण अदबीने म्हणाले. “वाड्यात कामाला थांबावं लागलं की तेही चुकतं.”

राजे आधी खुदकन हसले, मग पोट धरून हसले. हसू आवरल्यावर त्यांनी तांब्या बाजूला सारला. “मास्तरांची नोकरी कायम! दोन बिघे जमीनही द्या. आणि बाई, तुम्हाला शालू. आणखी काय हवं?”

“सरकारांनी आनखी एक पोळी घ्यावी,” साळूबाई म्हणाल्या. “पर हळूहळू.”

राजांनी पोळी घेतली. एक घास कितीतरी वेळ चघळला. पंगत जेवू लागली. राजांनी दिवाणांकडे बोट दाखवून मोठ्या ऐटीत सुरुवात केली, “दिवाण इज हंग्री. दिवाण इज ईटिंग...” ते अडले. सगळे घास हातात धरून थांबले. “...हंग्रिली!”

“करेक्ट, सरकार!” मास्तर म्हणाले.

दिवाणसाहेबांनी मान डोलावली. तोंड पोळीने भरलेलं असल्यामुळे त्यांना बोलता आलं नाही.